अर्ध्या उन्हाचं अंजीर

अंजिराच्या दोन झाडांची माझ्या हातून अदलाबदल झाली. ती मी मुद्दाम केली नव्हती. पण झाल्याचं कळल्यावर गप्प बसलो, ते मात्र मुद्दाम. त्या गप्प बसण्यापायी एक नवरा दुर्गला आणि त्याची बायको चिखलदऱ्याला, अशी त्यांची कितीतरी वर्षं गेली. मी तेव्हा पंचविशीचा होतो, वय लहान होतं, असं कारण मी स्वतःला पुष्कळदा देऊन पाहिलं. आता माझा मुलगा त्या वयाचा झाला आहे, आणि त्याला बरंवाईट नीट कळतं, हे मी रोज बघतो.

तो नवरा म्हणजे आमचे घरमालक. सगळे भाडेकरू त्यांना काकाजी म्हणत.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता. कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टरांमधली क्वार्टर्स अजून पायाच्या वर आली नव्हती आणि आम्ही नवे भरती झालेले लोक दुर्गला मिळेल त्या खोलीत राहून कामावर जात होतो. मी ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन. काकाजी मूळ नागपूरकडचे, उभा जन्म रेल्वेत रूळ टाकण्या-उखडण्यात गेलेला. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर कारखान्याच्या यार्डातल्या लायनी टाकायला त्यांना पुन्हा बोलावून घेतलं होतं. बुटके, काळेसावळे, डोक्यावर पांढऱ्या केसांचा ब्रश, आणि खिशात सदैव गार्डाची शिट्टी. ते कधीच गार्ड नव्हते. शिट्टी कुठून आणली, हे विचारलं की म्हणायचे, "एका गार्डाले गरज नव्हती."

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी आधी गाव विचारलं.

"पुरंदर. दिवे घाटाजवळ आमचं गाव."

"म्हंजे अंजीरवाले!" ते खाटेवरून उठलेच. "बसा बसा. भाड्याचं मागून पाहू. पहिले हे सांगा, सावलीत पिकते का तुमचं अंजीर?"

माझ्या वडिलांची अंजिराची बाग होती. भर उन्हातली, दगडगोट्यांच्या उतारावरची. सावलीत अंजीर कसं होतं, हे आमच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं, कारण सावलीत कुणी लावलंच नव्हतं. मी म्हणालो, "आमचं अंजीर कुठंही पिकतं."

खोली मिळाली.

त्या घराच्या अंगणात रूळ होते. मी हे सांगतो तेव्हा लोकांना थट्टा वाटते. भंगारातल्या दोन लोखंडी पट्ट्या, खाली सालवृक्षाच्या लाकडाचे छोटे स्लीपर, आणि त्यावर चार चाकांची ठेंगणी ट्रॉली. ट्रॉलीवर रॉकेलच्या डब्यांत अंजिराची झाडं. रुळांचं एक टोक पूर्वेच्या भिंतीशी, उन्हात. दुसरं टोक कडुनिंबाच्या गर्द सावलीत. सकाळी ट्रॉली उन्हात उभी असायची. ऊन चढलं की काकाजी शिट्टी फुंकत आणि "लाइन क्लिअर!" असं ओरडत. मग जो भाडेकरू जवळ असेल त्यानं हातातलं काम टाकून ट्रॉली निंबाखाली ढकलायची. काकाजी कामावर असले तर ही जबाबदारी सुट्टी असलेल्या कुणावर तरी सोपवलेली असे. अंगणात कपडे वाळत घालायची दोरी नेमकी रुळांवरून जायची, त्यामुळे रोज भांडण.

"हे कोनाचं धोतर आहे बे सेक्शनवर? गाडी कशी काढू मी?"

"काकाजी, ओलं आहे अजून."

"ओलं असो का कोरडं, फाउलिंग मार्कच्या बाहीर टांगा, गाडीले लागलं नाई पायजे!"

हा सगळा खटाटोप चिखलदऱ्यासाठी चालला होता.

काकूंना दमा होता. कारखान्याचं काम सुरू झालं आणि दुर्ग-भिलाईच्या रस्त्यांवर लाल धूळ उठायला लागली, तसा तो वाढला. रात्र-रात्र त्या उशीला टेकून बसून राहायच्या. चिखलदऱ्याला त्यांच्या भावाचं लहानसं घर होतं. भाऊ वारल्यावर ते रिकामंच पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, तिकडची हवा मानवेल. काकू गेल्या, हवा मानवली. जाताना त्या म्हणाल्या होत्या, तिथं सगळं आहे, एक अंजीर नाही. त्यांच्या माहेरी, अमरावतीकडे, विहिरीजवळ अंजीर होतं, त्याच्यावर त्या वाढलेल्या. आणि काकाजींनी तिथल्या तिथं सांगून टाकलं होतं, "तिथी अंजीर लावतो. ज्या दिवशी पिकलं त्या दिवशी नोकरी सोडून मी कायमचा वर येतो."

असं बोलून बसणारी माणसं पुष्कळ असतात. काकाजी ते पाळणाऱ्यांपैकी होते. सिग्नल पडल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा त्यांचा धर्म, आणि अंजीर पिकणं हा सिग्नल. मध्येच सोडून का जात नाही, असं कुणी विचारलं तर त्यांना प्रश्नच कळायचा नाही.

ते स्वतः अंजीर खात नसत. "त्याच्या बिया दातात कचकच करते. मले नाई आवडत."

"मग एवढं कशासाठी, काकाजी?"

"माह्यासाठी आहे म्हून कोनं सांगतलं तुमाले?"

चिखलदऱ्याचं ते अंगण त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की तिथं न जाताही मी त्यात वावरू शकलो असतो. घर डोंगराच्या पोटाशी. सकाळ बरीच वर आल्यावर ऊन पोचायचं आणि दुपार कलली की डोंगराची सावली अंगणभर पसरायची. पावसाळ्यात चारही महिने धुकं. पूर्वी दोनदा कुठून कुठून आणलेली झाडं लावून झाली होती. फळं धरायची, हिरवीच्या हिरवी गळायची किंवा धुक्यानं आंबून जायची. सगळ्या अंगणात अंजिराजोगी जागा एकच, स्वयंपाकघराच्या दक्षिणेकडच्या दगडी भिंतीला लागून. आत चूल, बाहेरून जेवढं मिळेल तेवढं ऊन. भिंत संध्याकाळपर्यंत ऊबदार राहायची. जागा एक, म्हणजे झाडही एकच. ते कोणत्या जातीचं लावायचं, एवढंच ठरवायचं होतं, आणि त्यासाठी त्यांनी दुर्गच्या भट्टीत डोंगराचं अर्धं ऊन तयार केलं होतं.

त्यांच्याकडे तीन जाती होत्या. नावं त्यांनीच ठेवलेली. दौलताबादकडून आणलेली ती मालगाडी: फळ मोठं, पण पिकायला इतका वेळ लावायची की तोवर पाऊस यायचा. मी दिवाळीच्या सुट्टीत गावाकडून ज्या काड्या आणल्या, त्यांचं नाव पॅसेंजर. मला राग आला होता.

"पुरंदरही डोंगरच आहे, काकाजी."

"आहे ना. पन तुमच्या डोंगरावर बम ऊन. मले सावलीतला डोंगर पायजे."

तिसरी मेल. ती रशियातून आली.

यार्डात काकाजींबरोबर एक रशियन इंजिनियर होता. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नसे आणि दुभाष्या बहुतेक वेळा मोठ्या साहेबांच्या मागे असायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत काकाजींनी धुळीत बोटानं अंजिराचं पान काढलं. कशासाठी, देव जाणे; ते रिकाम्या वेळी तेच काढायचे. रशियन वाकून बघू लागला. मग त्यानं काकाजींचा हात धरून दुभाष्याला हुडकून काढलं. त्याचं गाव काळ्या समुद्राच्या वर, डोंगरात होतं. बर्फ पडायचं. आणि घराच्या मागं, भिंतीला चिकटून, अंजीर होतं. दुभाष्या बिचारा लोखंडाचे शब्द शिकून आलेला; त्याला पान, डोळा, काडी यांची भाषा जमेना. तेव्हा ते दोघे हातवारेच करू लागले. मी नकाशा घेऊन तिथं गेलो होतो म्हणून हे पाहायला मिळालं. रशियनानं तर्जनी आणि अंगठा मिळवून एक बारीक भोक दाखवलं आणि ते बंद केलं. काकाजी उडालेच.

"डोळा मिटलेला आहे म्हनून राहिला तो! फळाचा डोळा! म्हंजे धुकं आत जात नाई, मुंगी जात नाई. अरे बाप्पा!"

रशियन हिवाळ्यात सुट्टीवर गेला आणि येताना ओल्या कापडात गुंडाळलेल्या तीन काड्या घेऊन आला. दोन वाळल्या, एक जगली. झाड बुटकं, गाठाळ. पान हाताच्या पंजासारखं खोल कापलेलं. आमच्या पुरंदरच्या पानाला एवढ्या खोल खाचा नसतात. तिसऱ्या वर्षी त्या झाडावर, मागच्या वर्षीच्या जुन्या काडीवरच, पानाआधी फळं आली आणि आंब्याच्या दिवसांत पिकलीसुद्धा. हिरवट पिवळी, लहान. पाऊस यायच्या आत पिकणारं, अर्ध्या उन्हात पिकणारं, मिटल्या डोळ्याचं. काकाजींनी एक फळ फोडून शेजाऱ्याला खायला लावलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसले. मग कुंचला आणला. त्यांच्याकडे डब्यांनाही सिग्नलचे रंग असत: लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे बघू, हिरवा म्हणजे सोडा. मालगाडी लाल होती. माझी पॅसेंजर पिवळी. त्या दिवशी मेलचा डबा हिरवा झाला.

मी तोंडानं अभिनंदन केलं. मनातून मला ते लागलं होतं.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात काकाजी खड्डा खणून घ्यायला चिखलदऱ्याला गेले. जाण्यापूर्वी त्यांनी तिन्ही झाडांची पानं स्वतःच्या हातानं उतरवली. ते दर मार्गशीर्षात तसं करत. दुर्गच्या थंडीनं झाडाला झोप येत नाही, मग डोंगरावर गेल्यावर ते गोंधळेल, असं त्यांचं म्हणणं. झाडांची जबाबदारी माझ्यावर सोपवली. "थोडं थोडं पानी. बाकी हात लावू नका, पुनेकर."

मी हात लावला.

हिरव्या आणि पिवळ्या डब्यांचे तळ गंजून गळायला लागले होते. मला वाटलं, ते यायच्या आत सगळं ठाकठीक करून ठेवावं. बघू दे त्यांना, अंजीरवाल्याचा मुलगा काय चीज आहे. सुपेल्याच्या बाजारातून दोन डबे आणले, तसेच रंगवले. झाडं उपसून, मुळांभोवती ओलं पोतं बांधून, भिंतीशी टेकवून ठेवली. आणि मग वडील करायचे तशी छाटणी केली. आमच्याकडे दरवर्षी छाटल्याशिवाय अंजीर धरतच नाही. नव्या फुटीवर फळ. बुटकी मेल आणि उंच पॅसेंजर, दोन्ही सारख्याच उंचीवर आणली. चिकानं हात कोपरापर्यंत खाजत होते, म्हणून धुवायला नळावर गेलो. तिथं कुणीतरी गप्पांत घातलं. परत आलो तेव्हा डब्यांचा रंग वाळला होता. झाडं उचलली आणि लावून टाकली. पान नाही, उंची सारखी, दोन्हीकडे राखाडी खुंट. कोणतं कुठलं, याची शंकाही तेव्हा मला आली नाही. अंजीर मी डोळे मिटूनही ओळखतो, असं मीच सांगत फिरायचो.

काकाजी आले, छाटलेली झाडं बघून त्यांचा चेहरा उतरला.

"कावून छाटलं?"

"आमच्याकडे..."

"तुमच्याकडं! जुन्या काडीवरच त्याचं पहिलं फळ येते, भैताडा! ते काडीच तू कापली!" मला ते प्रथमच अरे-तुरे करत होते. मग खाटेवर बसले, थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "जाऊ द्या. मूळ शाबूत आहे. एक वर्ष लेट, एवढंच. मेलही लेट होते कधी कधी."

पानं फुटायच्या आत ते हिरवा डबा घेऊन गाडीत बसले. बडनेऱ्यापर्यंत रेल्वे, पुढं अमरावती, परतवाडा आणि घाटातली बस. झाड पूर्ण वेळ मांडीवर. त्याच दिवसांत मला सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं. निघताना काकाजींनी सांगून ठेवलं होतं, "तुमची पॅसेंजर तुमी घेऊन जा. क्वार्टरच्या मांगं लावा. घर वाटते त्यानं."

मी लावली. फाल्गुनात ती फुटली. पान उलगडलं, मोठं झालं, आणि मी एका सकाळी दात घासत उभा असताना बघितलं की ते पंजासारखं खोल कापलेलं आहे.

त्या सकाळी दुर्गला जाऊन सांगितलं असतं तर काय झालं असतं? काकाजी दोन शिव्या देऊन, झाड उपसून, परत बडनेऱ्याची गाडी पकडून गेले असते. हंगाम अजून गेलेला नव्हता. मी तयारही झालो, सायकल काढली. वाटेत वाटलं, आधीच छाटणीवरून बोलणी खाल्ली आहेत. वाटलं, कुणी सांगावं, आमचं पुरंदरचं तिकडं होईलही. हा दुसरा विचार मला फार बरा वाटला आणि मी सायकल वळवली.

पुढच्या उन्हाळ्यात काकाजी वर जाऊन आले आणि मला भेटायला क्वार्टरवर आले. मी त्यांना पुढच्या ओसरीत बसवलं.

"लागलं झाड. भल्ले मोठे पानं! पन पुनेकर, एक गंमत सांगतो. पानाची खाच भरून आली. डोंगराच्या सावलीत पानच बदललं त्यानं. हवा बदलली का पान बदलते, मी म्हनत नव्हतो?"

सावलीत अंजिराचं पान मोठं आणि भरीव होतं, हे खरं आहे. पण इतकं नाही. ते ज्या बारकाईनं झाड बघत, त्यांना हे कळायला हवं होतं. पण डबा हिरवा होता. एकदा हिरवा दिलेला सिग्नल चुकीचा असू शकतो, हे त्यांच्या डोक्यात बसणारं नव्हतं. आणि मला ते सोयीचं होतं.

"आन पॅसेंजर काय म्हनते?"

"मेली," मी म्हणालो.

"अरेरे." त्यांना खरंच वाईट वाटलं. "तुमच्या वडलांच्या बागेतली होती ना. जाऊ द्या, मी दुसरी काडी मागवतो तुमाले."

मागच्या अंगणात, भिंतीपलीकडे, पहिली दोन-चार फळं तेव्हा पिकायला आली होती. मी काकाजींना चहा दिला आणि ते मागच्या दारी हात धुवायला निघाले तेव्हा तांब्या भरून पुढंच आणून दिला.

पुढं हे असंच चाललं. माझं लग्न झालं. बायको दर उन्हाळ्यात ती अंजिरं शेजारीपाजारी वाटायची आणि म्हणायची, "त्या तुमच्या काकाजींना चार नेऊन द्या की. एकटे राहतात." मी काहीतरी कारण सांगायचो. तिलाही मी सांगितलं नव्हतं. अंजीर खायचं मात्र मी सोडलं नाही. सोडलं असतं तर तिनं का म्हणून विचारलं असतं.

काकाजी वर्षाकाठी एकदा-दोनदा यायचे आणि झाडाची खबर द्यायचे. फळं धरली. फळं गळली. खत बदललं. भिंतीला डांबर फासलं, म्हणजे ऊन धरून ठेवील. खड्ड्यात विटांचे तुकडे घातले, मुळं आवळून राहिली तर फळ लवकर येतं म्हणून. फळं पुन्हा गळली. हिरवीच. आणि हळूहळू बोलण्यात काकू येऊ लागल्या.

"पानी जास्त घालते ते. किती सांगू?"

पुढच्या खेपेला: "राख घाल म्हनलं, तर विसरते."

आणि मग एकदा, अगदी सहज, पान लावता लावता: "तिच्या हातालेच गुन नाई, पुनेकर. मी तिले तोंडावर सांगतलं. तू त्या झाडाजवळ जाऊच नको म्हनलं."

मी सुपारी कातरत होतो. ती कातरत राहिलो.

काकाजी कठोर माणूस नव्हते. यार्डात एखाद्या मजुराच्या पायावर स्लीपर पडला तर रात्री त्याच्या झोपडीवर जाऊन येणारे. भाडेकरूंची भाडी थकली तर "मागून पाहू" म्हणणारे. पण सिग्नल बरोबर, गाडी बरोबर, लाइन बरोबर, आणि तरी गाडी पोचत नाही, म्हणजे शेवटच्या स्टेशनात काहीतरी चुकतं आहे, असा त्यांचा हिशेब होता. आणि शेवटच्या स्टेशनात काकू होत्या.

मग एका उन्हाळ्यात ते आले ते शिट्टीशिवाय. मी विचारलं तर म्हणाले, घरी राहिली असंल. यार्डातलं काम संपलं होतं. त्यांना आता कुणी बोलवत नव्हतं. अंगणातले रूळही एका भाडेकरूनं उपटून बाजूला ठेवले होते.

"मंगळवारी जाऊन आलो वर," ते म्हणाले. "तुमची काकू म्हनते, झाड काढून टाकते. माह्या हातानं होत नाई, म्हने. तुमी तिथीच राहा दुर्गले, तुमाले तेच सोयीचं आहे. इथी अंजिराची वाट पाहू नका, अन माही बी पाहू नका." ते हे अगदी शांतपणे सांगत होते, दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं. "बरोबर आहे तिचं. आता या वयात काय."

"काढलं का झाड?"

"काढंल. कोनी मानूस पाहून राहिली तोडाले."

मी उठलो. म्हणालो, "काकाजी, जरा मागं चला."

मागच्या दारातून त्यांना अंगणात नेलं. झाड भिंतीच्या वर गेलेलं होतं, फळांनी लगडलेलं. काकाजी थांबले. मग जवळ गेले. पान हातात घेतलं, उलटं केलं, पुन्हा सरळ केलं. खालच्या एका जुन्या काडीवरचं फळ त्यांनी बोटानं दाबून बघितलं, त्याचा डोळा बघितला. मी बोलत होतो: डबे, छाटणी, हात धुवायला गेलो ते, फाल्गुनातली सकाळ, सायकल. ते ऐकत होते की नाही, मला कळत नव्हतं.

"गोड आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"दरसाल?"

"दरसाल."

ते खाली, कपडे धुवायच्या दगडावर बसले. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. मी त्यांच्यासमोर उभा राहून माफी मागायला तोंड उघडलं, तेव्हा त्यांनी हात वर केला. गाडी थांबवायला करतात तसा.

"मले नको सांगू. मी दोन शब्द ऐकून घेईन अन घरी जाईन. इतके वर्षं बोललो मी तिले. तिच्या हाताले बोललो. तिले सांग."

"एक फांदी घेऊन जाऊ बरोबर? मुळं फुटलेली एक..."

"झाडाचं मागून. पहिले तोंड उघड."

दोन दिवसांनी आम्ही निघालो. स्टेशनावर ते एक ट्रंक आणि वळकटी घेऊन आले होते. इतकं सामान कशाला, असं मी विचारलं नाही. बडनेऱ्याला उतरताना त्यांनी ट्रंकेला हात लावू दिला नाही, स्वतःच उचलली.

चिखलदऱ्याला बस पोचली तेव्हा ऊन नुकतंच त्या घरावर आलं होतं. काकू ओसरीत डाळ निवडत बसल्या होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. सडपातळ, ताठ, नाकावर चष्मा. माझ्या मनात त्यांची आजारी, उशीला टेकलेली अशी मूर्ती होती. तशा त्या नव्हत्याच. त्यांनी आधी ट्रंकेकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, मग माझ्याकडे.

"मानूस आनला का तोडाले?" त्या म्हणाल्या. "राहू द्या आता. मीच नाई तोडलं. सकाळपासून तीनदा कुऱ्हाड मांगून आनली अन ठेवून देल्ली. फळं नाई देत तर नाई देत. सावली देते."

"तोडाले नाई आनला," काकाजी म्हणाले. "बोलाले आनला." आणि ते वळकटी घेऊन आत गेले.

मी ओसरीच्या पायरीवर बसून सगळं सांगितलं. समोर स्वयंपाकघराची डांबर फासलेली भिंत होती आणि तिच्याशी आमच्या पुरंदरचं झाड, भल्या मोठ्या पानांचं, एकही पिकलेलं फळ नसलेलं. त्याच्या बुडाशी राखेचं आळं नीट घातलेलं होतं. काकू डाळ निवडत ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"अंजिरासाठी कोनी बायकोले सोडून राहते का, भाऊ?" त्या आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "त्याईले यायचंच नव्हतं. रूळ सुटत नव्हते. अंजीर नसतं तर दुसरं काई सांगतलं असतं. तुमी कावून एवढं मनाले लावून घेता?"

आत वळकटी सोडल्याचा आवाज झाला.

त्यांनी मला वाट काढून दिली होती. मोठ्या मनाच्या होत्या, आणि त्या म्हणत होत्या त्यात खोटं काही नव्हतं. मी मान डोलावून, चहा पिऊन, संध्याकाळच्या बसनं परत येऊ शकलो असतो, आणि कदाचित पुढं स्वतःलाही तेच सांगितलं असतं. पण त्या बोलताना आपले हात पदराखाली घेऊन बसल्या होत्या. सूप ठेवून अंजिराचं नाव काढलं तेव्हाच त्यांनी ते पदराखाली घेतले होते, हे माझ्या लक्षात आलं.

मी उभा राहिलो. वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि काकाजींना आत ऐकू जाईल असं म्हणालो,

"काकू, ते आले नाहीत याचं काय ते तुम्ही दोघं बघा. मी माझ्यापुरतं सांगतो. हे झाड इथं पिकणारच नव्हतं. कुणीही लावलं असतं, कितीही जपलं असतं, तरी नाही. तुमच्या हाताला गुण नाही असं ते म्हणायचे तेव्हा मी समोर बसून ऐकायचो, आणि खरं काय ते मला ठाऊक होतं. एका शब्दानं थांबवता आलं असतं, मी थांबवलं नाही. तुमच्या हातांचा काही दोष नव्हता. दोष माझा होता. मला माफ करा."